गुआमला कावळे नाहीत

त्र्यंबक देवतळेला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही, हे अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना तो तिथे राहायला आला त्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. गणपतीचे स्पीकर कुणाच्या गाडीत मावतात? त्र्यंबकच्या. कुणाच्या सासूबाई पहाटेच्या फ्लाइटनं उतरताहेत? त्र्यंबक जाईल. एकदा एकाच शनिवारी दोन घरांचं सामान हलवायला त्यानं 'हो' म्हणून ठेवलं आणि दोन्हीकडची बोलणी खाल्ली. माणूस चांगला, पण चांगुलपणाचाही ताप असतो आणि तो बहुतेक वेळा घरच्यांना होतो. त्याची बायको विनीता हे त्याच्यासमोरच, शांतपणे, आल्यागेल्याला सांगायची.

या माणसाला गेली आठ वर्षं एकच प्रश्न विचारला जात होता आणि त्यावर त्याला 'हो'ही म्हणता येत नव्हतं आणि 'नाही'ही. विचारणारे त्याचे बाबा, वर्ध्याला. प्रश्न साधा होता. कधी येतो तू?

बाबांनी उभी हयात एसटीत काढली. वर्ध्याच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारा आणि हिंगणघाटची गाडी कधी लागेल, या प्रश्नाला दिवसातून शंभरदा उत्तर देणारा माणूस. त्यांचा एक हेका होता. गाडी रद्द झाली की ते माइकवर पुटपुटून मोकळे व्हायचे नाहीत. खिडकीतून उठायचे, चपला घालायचे, फलाटावर यायचे आणि बाकावर बसलेल्या एकेकाला सांगायचे की गाडी येत नाही, थांबू नका, दुसरी सोय बघा. लोक त्यांच्यावरच खेकसायचे, जशी काही गाडी यांनीच घरी नेऊन लपवली होती. डेपोतले बाकीचे कारकून हसायचे. लोकांना 'येईल, येईल' म्हणत बसवून ठेवलं की दमून ते आपोआप उठून जातात, एवढं व्यवहारज्ञान त्यांच्याकडे होतं. बाबांकडे ते नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर पाणी पिता पिता ते म्हणायचे, "येणार नसंल तर सांगून द्यावं. माणूस बसवून ठेवू नये." त्र्यंबकनं हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे पुढे ते त्याच्या कानावरून नुसतं जायचं.

आणि मोठेपणी त्यानं केलं काय, तर बाबांना आठ वर्षं बसवून ठेवलं.

त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपला होता. अमेरिकेत राहायला, काम करायला त्यानं काही अडत नव्हतं. कंपनी त्याचे कागद वेळोवेळी वाढवून घ्यायची. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला पासपोर्टवर नवा शिक्का लागणार आणि त्यासाठी भारतात मुलाखतीची तारीख कधी मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ओळखीतला एकजण बहिणीच्या लग्नाला म्हणून दोन आठवड्यांसाठी गेला तो पाच महिने पुण्यात अडकला. इकडे त्याची नोकरी गेली. ग्रीन कार्डची रांग तर त्र्यंबकच्या उरलेल्या आयुष्याहून लांब होती. मध्येच त्यानं नोकरी बदलली, मध्येच कोविड येऊन गेला, मध्येच कंपनीत माणसं कमी करायची लाट आली. दर वेळचं कारण खरं होतं आणि खरी पंचाईत तीच होती. कारण खोटं असतं तर कधीतरी लाज वाटून तो विमानात बसला असता.

आईबाबा एकदाच अमेरिकेला आले होते, अनिका झाली तेव्हा. मग बाबांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद करून टाकला. राहिला रविवारचा फोन. बाबा विचारायचे, कधी येतो तू? त्र्यंबक म्हणायचा, बघतो बाबा, दिवाळीला जमतं का. दिवाळी गेली की म्हणायचा, उन्हाळ्यात, अनिकाच्या सुट्टीत. बाबा म्हणायचे, बरं. तेवढ्या एका 'बघतो'वर ते आणखी सहा महिने काढायचे. आई फोनवर असा प्रश्न कधीच विचारायची नाही. ती विचारायची, काय जेवलास, बाबू.

यंदा त्याच्या कंपनीनं गुआममधल्या एका बँकेचं काम घेतलं. गुआम म्हणजे पॅसिफिक महासागरातलं बेट, नकाशावर पेनाचा ठिपका पडावा एवढं, पण अमेरिकेचं. टीममधल्या कुणालाच इतक्या लांब तीन आठवडे जाऊन राहायचं नव्हतं. त्र्यंबकनं हात वर केला. विनीताला वाटलं, झालं, पुन्हा याला नाही म्हणता आलं नाही. पण या वेळी तसं नव्हतं. त्याच आठवड्यात बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि त्र्यंबकनं अनिकाच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून मोजलं होतं. मॉरिसव्हिलहून वर्धा जितकं लांब, त्याच्या जेमतेम निम्म्यावर गुआमहून वर्धा. अमेरिका न सोडता बाबांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ.

अकरा वर्षांच्या अनिकानं तो दोरा पाहिला आणि विचारलं, "बट बाबा, कॅन यू गो फ्रॉम देअर?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"देन व्हॉट्स द पॉइंट?"

विनीतानं तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं. पोरीनं विचारलं ते बरोबरच होतं, पण आठवडाभर झोप न झालेल्या माणसाला बरोबर प्रश्न विचारून काय उपयोग, असं विनीताला वाटलं. कंपनीच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं की होनोलुलूवरूनच जा, टोकियोवरून कितीही सोयीचं तिकीट दिसलं तरी घेऊ नका, कारण टोकियोत उतरलात की तुम्ही अमेरिका सोडली. त्यानं ऐकलं. सगळे कागद एका निळ्या फाइलमध्ये घालून, ती फाइल छातीशी धरून तो गुआमला उतरला आणि हॉटेलात पोचल्या पोचल्या त्यानं वर्ध्याला फोन लावला.

आणि तिथेच त्यानं ती चूक केली. चुलतभाऊ एकनाथ दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसला होता. त्यानं फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हाताऱ्याला जरा धीर यावा म्हणून तो म्हणाला, "बाबा, मी निम्म्या वाटेवर आलोय."

दोऱ्यानं मोजलं तर ते खरंच होतं. पण बाबा एसटीतले. निम्म्या वाटेवर आलेली गाडी उशिरा येईल, पंक्चर काढून येईल, पण येतेच, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं, डब्बा घेऊन येणाऱ्या आईला तर रोज सांगितलं की बाबू निम्म्यावर आला, येऊनच राहिला. डॉक्टर एकनाथला म्हणाले की यांनी इतके दिवस कसे काढले तेच समजत नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्र्यंबक बँकेच्या कँटीनमध्ये जेवायला बसला असताना एकनाथचा फोन आला.

काका गेले, असं एकनाथ म्हणाला. त्र्यंबकनं किती वाजता ते विचारलं, मग विचारलं की शेवटी काही म्हणाले का. एकनाथनं आधी काही नाही म्हणून सांगितलं आणि मग त्याला राहवलं नाही. पहाटे शुद्धीवर होते तेव्हा एवढंच विचारलं, बाबूची गाडी लागली का?

अग्नी एकनाथनं दिला. पुढचे नऊ दिवस त्र्यंबक कामावर जात राहिला, कारण रजा घेऊन हॉटेलच्या खोलीत एकट्यानं करायचं काय? दाढी केली नाही, चपलेशिवाय दुसरं काही पायात घातलं नाही. बँकेतल्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं तर तो म्हणायचा, घरी जरा अडचण आहे.

दहावा दिवस शनिवारी आला. आदल्या दिवशी त्यानं मॉरिसव्हिलच्या गुरुजींना फोन केला. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधतात आणि शनिवार-रविवार सत्यनारायण सांगतात. त्यांनी सांगितलं की अग्नी एकनाथनं दिलाय तेव्हा तिथलं सगळं त्यानंच करायचं, पण मनाच्या समाधानासाठी तुम्हीही पिंड ठेवू शकता. भात, काळे तीळ, जवळ पाणी हवं. ठेवायचं, लांब होऊन बसायचं, कावळा शिवला की नमस्कार करून उठायचं. कावळा मिळेल ना, असं त्र्यंबकनं विचारलं तेव्हा गुरुजींना त्या स्थितीतही हसू आलं. कावळे कुठं नसतात हो, असं म्हणून त्यांनी पाच मिनिटांत सगळ्याची चेकलिस्ट ईमेल करून दिली.

हॉटेलातल्या बाईनं असानच्या किनाऱ्यावर जा म्हणून सुचवलं. तिथे शांत असतं. दुसऱ्या महायुद्धात बेट जपान्यांच्या ताब्यात होतं, ते परत घ्यायला अमेरिकेची फौज या किनाऱ्यावर उतरली आणि हजारो माणसं मेली. आता तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. म्हणजे लांबलचक हिरवळ, माड, झेंडे, माहितीचे फलक आणि पलीकडे निळंशार, कुणाला काही केलं नाही असं दिसणारं पाणी. त्र्यंबक दुपारी दोनला तिथे पोचला. एक म्हातारं जपानी जोडपं माडाखाली हात जोडून उभं होतं. त्यांचं कुणीतरी इथे पडलेलं असणार. टोकियोहून साडेतीन-चार तासांत माणूस इथे येतो, हे त्र्यंबकला ठाऊक होतं. ऐंशी वर्षांपूर्वी या बेटावर बंदूक घेऊन आलेल्यांच्या घरची माणसं सहज येऊन हात जोडून जात होती. त्याला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

पाण्याजवळच्या एका खडकावर त्यानं कागदी ताटली ठेवली. भात दुकानातून तयार आणलेला, बेटावरचे लोक तिन्ही त्रिकाळ भात खातात म्हणून तो मिळायला काही अडचण आली नव्हती. तीळ जपानी पाकिटातले. भाताचा गोळा हातात वळताना त्याला कळलं की हे आपण कधी केलेलंच नाही, कुणाला करताना नीट पाहिलेलंही नाही. गोळा फुटत होता. दोनदा फुटला, तिसऱ्यांदा राहिला. बाटलीतलं पाणी सोडून त्यानं नमस्कार केला आणि चाळीस पावलं लांब जाऊन तो एका झाडाखाली बसला.

अर्धा तास गेला. कावळा नाही म्हणजे काय, येईल, असं त्याला वाटत होतं. मग काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं आणि काय ते कळेना. लाटांचा आवाज होता, रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मागचा डोंगर गच्च हिरवा. वर्ध्याला असं एक झाड असतं तर त्यात दिवसभर कुणी ना कुणी भांडत बसलं असतं. इथे एवढ्या झाडांतून एक चिवचिव नाही, काही नाही. घर उघडं असावं आणि आत हाक मारली तर कुणी ओ देऊ नये, तसं ते त्याला वाटलं.

तेवढ्यात झेंड्याच्या काठीवर एक काळा पक्षी येऊन बसला. त्र्यंबक ताडकन उठला. पक्ष्यानं अंग वळवलं आणि त्याची दुभंगलेली लांब शेपटी दिसली. तो कोतवाल होता. शाळेच्या रस्त्यावरच्या तारेवर असले चिक्कार बसायचे. किडे खातो, भाताकडे बघतही नाही. यानंसुद्धा बघितलं नाही, उडून गेला. मग झुडपातून एक कोंबडा आला, मागे चार-पाच कोंबड्या, कुणाच्याच मालकीच्या नसल्यासारख्या मोकाट, आणि सगळ्या थेट ताटलीकडे निघाल्या. बाबांनी जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. त्र्यंबक शुक शुक करत धावला. गवतावर धावता धावता त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

त्याचा तो अवतार पाहून उद्यानाची रेंजर जवळ आली. साठीची, ठेंगणी बाई, हॅट घातलेली; छातीवरच्या पट्टीवर किदाचाय असं आडनाव. ती याच बेटावरची होती. तिनं सौम्यपणे सांगितलं की इथे खाणं ठेवता येत नाही, कोंबड्या सोकावतात. त्र्यंबकला माफी मागायची सवय, त्यानं दोन-तीनदा मागितली. मग, परक्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल, त्यानं तिला सगळंच सांगितलं. वडील गेले, आज दहावा दिवस, कावळ्याची वाट बघतोय.

बाईनं ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाली की तुला कुणी सांगितलं नाही का, इथे कावळा नाही. पूर्वी होता, आम्ही त्याला आगा म्हणायचो. लढाई संपल्यावर लष्कराच्या सामानातून कुठून तरी एक साप बेटावर आला. त्याला इथे कुणी शत्रू नव्हता आणि इथल्या पाखरांना साप ठाऊक नव्हता. त्यानं अंडी खाल्ली, पिलं खाल्ली, रान रिकामं केलं. तिची आजी आवाजावरून पाखरं ओळखायची. या बाईच्या स्वतःच्या नातवंडांना ओळखायला काही उरलंच नाही. शेजारच्या रोटा बेटावर अजून थोडे कावळे आहेत, इथल्या रानात एकही नाही.

"कावळा नाही आला तर काय होतं?" तिनं विचारलं.

"म्हणतात की माणूस थांबून राहतो," त्र्यंबक म्हणाला. "त्याचं काहीतरी राहिलेलं असतं."

तिनं मागच्या डोंगराकडे बोट केलं. लढाईत ज्यांनी सोसलं त्यांची नावं तिथे वर भिंतीवर लिहिलेली आहेत. तिच्या आजीचंही आहे. बघायचं असेल तर जा, असं म्हणून तिनं घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की मी आता त्या टोकापर्यंत चक्कर मारून येते, मला अर्धा तास लागेल, त्यानंतर मात्र ताटली उचल. नियमातून तिला जेवढं वाकता येत होतं तेवढी ती वाकली होती. त्याहून जास्त तिच्याही हातात नव्हतं.

ती गेली आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल, एकनाथचा. इथे साडेतीन, म्हणजे वर्ध्याला अकरा.

फोनमध्ये पवनारचा घाट दिसत होता, धाम नदीचं पाणी, ओळखीची तीस-चाळीस माणसं आणि त्यांच्या मागे एक बाभूळ. बाभूळ कावळ्यांनी काळी झाली होती. त्र्यंबकला ते पाहूनच बरं वाटलं, इतकं की आधी बाकीचं त्याच्या लक्षातच आलं नाही. एकनाथचा चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला की तासभर झाला, कावळा शिवत नाही. पिंडाशी बाबांचा आवडता, स्टँडवरच्या कँटीनमधला आलूबोंडा ठेवला. एक कावळा उतरला, आलूबोंड्याकडे पाहिलं आणि परत जाऊन बसला. मग एकेकानं बोलून पाहिलं. एकनाथनं काकूला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. आत्येनं सांगितलं की घर विकू देणार नाही. निवृत्त कंडक्टर ढोबळेकाकांनी पेन्शनरांच्या मेळाव्यात फोटो लावायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. आता सगळे एकमेकांकडे बघत होते, कारण काय राहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसालासुद्धा ते माहीत होतं.

"दादा, सगळ्यांचं बोलून झालं. तूच राहिला," एकनाथ म्हणाला. "येतो म्हण न."

त्यानं फोन पिंडाकडे वळवला. मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, "दिवाळीला येतो म्हण. म्हणायला काय जातं?"

त्र्यंबकनं तोंड उघडलं. दोन अक्षरांचा शब्द होता. मॉरिसव्हिलमध्ये कुणालाही, कशालाही तो 'येतो' सांगत आलेला. याच शब्दावर त्यानं लोकांच्या सासवा आणल्या होत्या, फ्रीज उचलले होते. पण आता समोर फोनच्या काचेत भाताचा एवढासा गोळा होता, नीट वळलेला, न फुटलेला, आणि त्याला कळत होतं की आपण येतो म्हटलं की बाबा पुन्हा बाकावर बसतील. मागच्या वेळी 'निम्म्यावर आलो' म्हटल्यावर पाच दिवस बसले होते, प्रत्येक श्वास मोजून देत. आणि येत नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. जिवंतपणी आठ वर्षं जे सांगायला धीर झाला नाही, ते आता मेल्यावर, तेही फोनवरून, एवढ्या लोकांसमोर कुठल्या तोंडानं सांगणार? तो तसाच उभा राहिला. पायाशी काहीतरी हललं. कोंबड्या परत आल्या होत्या आणि खडकावरचा त्याचा पिंड टोचत होत्या. त्याला दिसत होतं. त्यानं हात उचलला नाही.

"दादा? व्हिडिओ अडकला वाटते," एकनाथ म्हणाला.

व्हिडिओ अडकला नव्हता. त्याच्यामागे माड हलत होते.

तेव्हा मागच्या बायकांतून आई पुढे आली. मीनाक्षीबाईंनी घाटावर येऊ नये असं घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं आणि त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं. एकनाथच्या हातातल्या फोनकडे त्यांनी पाहिलं नाही. पदर सावरून त्या पिंडापासून चार हातांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि रोज संध्याकाळी पानं वाढल्यावर नवऱ्याला हाक मारायच्या त्याच आवाजात बोलल्या.

"अहो, बाबूची गाडी रद्द झाली. तो येत नाही. लय थांबले तुम्ही. आता बसू नका, निघा."

आत्येच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. बाभळीवरून एक कावळा उठला, पिंडाजवळ उतरला, दोन उड्या मारून पुढे झाला आणि त्यानं चोच घातली. लोक गप्प झाले म्हणून तो धीट झाला असेल, किंवा उन्हानं त्याला भूक लागली असेल. कावळ्याला एसटीची भाषा कळते असं सांगायचं धाडस कोण करणार? पण ढोबळेकाका, ज्यांनी तीस वर्षं त्या बसस्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांत घंटी मारली होती, ते खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

शिवला, शिवला, असं लोक म्हणू लागले. हात जोडले गेले, चपला शोधल्या जाऊ लागल्या. एकनाथनं डोळे पुसले आणि फोन काकूच्या हातात दिला. आईला फोन नीट धरता येत नसे. काचेत तिचं कपाळ आणि आभाळ एवढंच दिसत होतं. रिकामं कपाळ त्र्यंबकनं पहिल्यांदाच पाहिलं.

आपण रडलो तर तिला आपली इथली अवस्था कळेल, असं त्याला वाटत होतं आणि रडू तर येत नव्हतं. जे सांगायचं ते त्यानं सांगायला हवं होतं, निदान दोन दिवाळ्यांपूर्वी, रविवारच्या फोनवर, साध्या शब्दांत. ते तिनं सांगितलं होतं, आणि सांगताना नवऱ्याबरोबर तिनं स्वतःलाही ते ऐकवलं होतं.

"आई," तो म्हणाला. "आणि तू?"

तिला काय विचारलं ते कळलं होतं.

"मी बसते न अजून, बाबू," ती म्हणाली. "मला कुठं जायचं आहे?"